हिरवे दिसते तिथे चारा नसतो : टुंड्रातील हिवाळी कुरणाच्या नकाशाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

अलास्काच्या वायव्येला, आर्क्टिक वृत्ताच्या दोन्ही अंगांना, बुटक्या टेकड्यांचा मुलूख आहे. नदीकाठच्या काही दऱ्यांतला स्प्रूस सोडला तर झाड औषधालाही सापडत नाही. उतारांवर कॉटनग्रास नावाच्या लव्हाळ्याचे ठोंब असतात आणि त्या ठोंबांच्या फटींत मॉस, रानबेरीची झुडपे आणि लायकेन. घळींत खुजे बर्च आणि विलो, म्हणजे आपल्याकडच्या वाळुंजाचे भाऊबंद. माथ्यावर वाऱ्याने झोडपलेली खडी. पश्चिम आर्क्टिक कॅरिबू (म्हणजे रानटी रेनडिअर) कळपाच्या हिवाळी क्षेत्राचा एक तुकडा या मुलखात येतो. २००३ साली या कळपाची संख्या सुमारे ४,९०,००० होती, २०२३ मध्ये ती सुमारे १,५२,००० वर आली. घसरणीला एकच कारण नाही, पण हिवाळ्यातला चारा हा चर्चेतला एक मुद्दा आहेच.

तो चारा म्हणजे लायकेन. गोड्या मसाल्यातले दगडफूल आपल्या ओळखीचे आहे. तेही लायकेनच, बुरशी आणि शैवाल यांचा जोडसंसार. टुंड्रातले चाऱ्याचे लायकेन मात्र जमिनीवर झुपक्यांनी वाढते. रंग फिका पिवळट किंवा राखाडी, आणि वाढ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. त्यात प्रथिने अगदी कमी आणि पिष्टमय पदार्थ भरपूर असतात. बर्फ उकरून कॅरिबू हेच खातात आणि हिवाळा काढतात. आग लागली की ही चादर मुळापासून जाते, आणि चरण्याजोगी जाडी परत यायला अर्धशतक किंवा त्याहून जास्त काळ लागतो.

या प्रकरणातले कार्यालय सार्वजनिक जमिनीचे व्यवस्थापन करते. त्याची ओळख, नेमका तुकडा आणि वर्षे इथे दिलेली नाहीत. अलास्कात आगीसाठी जमिनीची संरक्षणाच्या उतरत्या क्रमाने चार गटांत विभागणी होते : क्रिटिकल, फुल, मॉडिफाइड आणि लिमिटेड. लिमिटेड गटात आग सहसा जळू देतात आणि फक्त तिच्यावर नजर ठेवतात. मॉडिफाइड गटात हंगामाच्या सुरुवातीला आग अडवतात, आणि ठरलेल्या तारखेनंतर, जी बहुधा १० जुलैच्या सुमारास असते, ती जमीन लिमिटेडसारखी हाताळतात. या तुकड्याचा बहुतेक भाग लिमिटेडमध्ये होता. २००७ मध्ये अलास्काच्या उत्तर उतारावर अनाक्टुवुक नदीजवळ लागलेल्या आगीने सुमारे १,००० चौरस किलोमीटर टुंड्रा जाळला. तेव्हापासून ‘टुंड्रा ओला असतो, तो कशाला जळतोय’ हे म्हणणे मागे पडले. आगीचा पुढचा हंगाम सुरू होण्याआधी हिवाळी क्षेत्राचा कोणता भाग वरच्या गटात न्यायचा, एवढेच कार्यालयाला ठरवायचे होते.

अडचण

सगळाच भाग वर नेता येत नव्हता. विमाने, पॅराशूटने उतरणारी पथके आणि पैसा मर्यादित असतो. शिवाय आग हा या परिसंस्थेचा भागच आहे. म्हणून निवड करायची होती, आणि त्यासाठी नकाशा हवा होता.

पहिला नकाशा घाईत झाला. जुलैमधली सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची ढगविरहित दृश्ये जोडली, एनडीव्हीआय (लाल आणि डोळ्यांना न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश किती परावर्तित होतो त्यावरून निघणारा हिरवेपणाचा निर्देशांक) काढला, त्याचे पाच पट्टे पाडले, आणि सर्वांत हिरव्या पट्ट्याला ‘उत्तम अधिवास’ असे नाव दिले. वन्यजीवतज्ज्ञाने त्यावर कॅरिबूंच्या गळ्यातल्या जीपीएस पट्ट्यांचे हिवाळी बिंदू टाकले तेव्हा ते फिक्या भागात गर्दी करून बसलेले दिसले. त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. सर्वांत गर्द हिरव्या डागांपैकी काही जुन्या जळिताच्या सीमांत चपखल बसत होते.

यात उपग्रहाची काही चूक नव्हती. आगीनंतर कॉटनग्रासचे ठोंब बुडापासून फुटतात, राखेतले पोषण त्यांना मिळते, आणि थोड्याच वर्षांत तो उतार आजूबाजूपेक्षा हिरवा दिसू लागतो. नंतर तिथे झुडपेही दाटतात. एनडीव्हीआयच्या भाषेत जमीन ‘सावरली’. लायकेन मात्र गेलेलेच असते. लायकेनमध्ये हरितद्रव्य कमी असते, त्यामुळे लाल प्रकाश ते पानांइतका शोषत नाही आणि त्याचा एनडीव्हीआय खालीच राहतो. उन्हाळ्यात पिल्लांना दूध पाजणाऱ्या मादीसाठी हिरवा रंग खरोखरच चांगली खूण आहे. फेब्रुवारीतल्या त्याच मादीसाठी ती जवळजवळ उलटी खूण ठरते. नकाशा उन्हाळ्याच्या प्रश्नाचे उत्तर देत होता, आणि विचारलेला प्रश्न हिवाळ्याचा होता.

म्हणून प्रश्न नव्याने लिहिला : कुठली जागा जळाली तर कळपाचे कित्येक दशकांचे नुकसान होईल, आणि ती जागा आगीपासून राखणे प्रत्यक्षात जमेल का? त्यासाठी चार थर लागत होते. लायकेनचे आच्छादन, शेवटच्या आगीनंतरचा काळ, हिवाळ्यातला प्रत्यक्ष वापर, आणि आग अडवायला उपयोगी पडतील अशा नद्या, तळी, खडकाळ कडा. यांपैकी पहिलाच थर कुणाकडे नव्हता.

समोर असलेले पर्याय

फुकट मिळणारा पर्याय म्हणजे अमेरिकेचा राष्ट्रीय भू-आच्छादन नकाशा, एनएलसीडी. त्याचे पिक्सेल ३० मीटरचे आहेत आणि त्यात फक्त अलास्कासाठी ‘लायकेन’ असा वेगळा वर्गही आहे. पण त्याची व्याख्या वाचली की उत्साह ओसरतो : एकूण वनस्पतींत साधारण ८० टक्क्यांहून जास्त लायकेन असेल तरच तो वर्ग लागू होतो. ठोंबांच्या फटींत २५ टक्के लायकेन असलेला उतार कॅरिबूंना उत्तम चालतो, आणि नकाशात मात्र तो ‘लव्हाळा’ किंवा ‘खुजी झुडपे’ म्हणून दिसतो. ध्रुवप्रदेशीय वनस्पती नकाशा, सीएव्हीएम, २००३ साली १ : ७५,००,००० प्रमाणात निघाला. आर्क्टिकची एकंदर घडण समजायला तो उत्तम आहे, पण एका नदीखोऱ्यातला ब्लॉक निवडायला त्याचा उपयोग नाही.

दुसरा पर्याय होता नवे वर्गीकरण करण्याचा. अलास्कासाठी १९९२ ची व्हिएरेक यांची पाच पातळ्यांची वनस्पती-वर्गवारी आहे आणि सगळे जीवशास्त्रज्ञ तिच्याशी परिचित आहेत. सोय मोठी, अडचण मात्र तीच. प्रत्येक पिक्सेलला एकच नाव मिळते, आणि ते प्रबळ वनस्पतीचे. लायकेन इथे क्वचितच प्रबळ असते. ते असते दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर.

तिसरा पर्याय : नाव न देता प्रत्येक पिक्सेलमध्ये लायकेन किती टक्के आहे याचा अंदाज बांधायचा. यासाठी जमिनीवरून टक्क्यांची खात्रीशीर मोजणी लागते, म्हणजेच हेलिकॉप्टर आणि ड्रोन. खर्च इथेच होतो.

एक मीटरहून बारीक दृश्ये देणारी व्यावसायिक उपग्रह-चित्रे विकत घ्यावीत असेही सुचवले गेले. लहान क्षेत्राला ती चालतात. मोठ्या क्षेत्रात प्रत्येक पट्टी वेगळ्या दिवसाची आणि वेगळ्या कोनातून टिपलेली येते, आणि त्या पट्ट्या एकमेकींशी जुळवता जुळवता सगळा वेळ जातो. नुसत्या जीपीएस पट्ट्यांवर विसंबण्याचा विचार लवकर सोडून दिला. मोजक्या जनावरांनी मोजक्या हिवाळ्यांत काय केले एवढेच त्या सांगतात. पुढच्या दशकात कळपाला काय लागेल ते त्यांच्यात नसते.

तिसरा पर्याय घेतला. उपग्रहावरून थोडा वाद झाला. लँडसॅट या अमेरिकी उपग्रह-मालिकेच्या बाजूने मुद्दा जुन्या नोंदींचा होता, सेंटिनेल-२ च्या बाजूने बारकाव्याचा : दृश्य प्रकाशात १० मीटर, आणि रेड-एज व शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड (लाल रंगाच्या कडेच्या आणि त्यापलीकडच्या अदृश्य प्रकाशाच्या) बँडांत २० मीटर. शेवटी कामे वाटून दिली. आजचे आच्छादन सेंटिनेल-२ वरून २० मीटर जाळीत काढायचे, आणि आगीचा इतिहास लँडसॅटवरून. नोंदवहीतल्या आगीच्या सीमा बाहेरून आखलेल्या असतात आणि आत न जळलेली बेटे राहून जातात. निअर आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडच्या गुणोत्तरातला आगीआधी-आगीनंतरचा फरक काढला की ती बेटे उठून दिसतात. लायकेनच्या दृष्टीने ही बेटे सोन्याच्या मोलाची, कारण जळलेल्या भागात नवे लायकेन येते ते बहुधा त्यांच्याच तुकड्यांतून आणि बीजाणूंतून.

कोणत्या तारखेची दृश्ये

हा निर्णय वरवर किरकोळ वाटतो, पण नकाशाची निम्मी गुणवत्ता यातच ठरली. इथे वनस्पतींचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा असतो. जूनच्या मध्यापर्यंत बर्फ वितळतो. जुलैच्या उत्तरार्धात हिरवेपणा शिगेला पोहोचतो. ऑगस्टच्या मध्यानंतर खुजे बर्च तांबडे पडू लागतात आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाने गळतात.

फक्त जुलै घेतला तर झुडपांखालचे लायकेन पानांआड जाते. फक्त सप्टेंबर घेतला तर ते उघडे पडते, पण सूर्य खाली आलेला असतो. ६६ अंश अक्षांशावर २१ जूनला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर असतो, आणि २० सप्टेंबरला जेमतेम २५ वर. उत्तरेकडचे उतार सावलीत जातात आणि एखादा लवकरचा बर्फ सगळे बिघडवतो. जूनमध्ये पाने नसतात आणि उजेड भरपूर असतो, पण जमिनीवर वितळलेले पाणी आणि मागच्या वर्षीचे वाळके लव्हाळे असते. त्याचा पिवळटपणा लायकेनची हुबेहूब नक्कल करतो.

उपाय असा काढला की एका तारखेवर भरवसा ठेवायचाच नाही. पाने येतात आणि जातात, लायकेन हंगामानुसार फारसे बदलत नाही. म्हणून जून, जुलै आणि ऑगस्टअखेर-सप्टेंबर अशा तीन खिडक्यांतली मध्यक दृश्ये बनवली आणि त्यांच्यातले फरक हेच मॉडेलचे मुख्य इनपुट ठेवले. जूनमध्ये पिवळट दिसणारी जागा जुलैत हिरवी झाली तर ते वाळके लव्हाळे होते. तिन्ही वेळा फिकटच राहिली तर ते लायकेन असेल, नाहीतर उघडी खडी. त्या दोघांना वेगळे करायला निळा बँड आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड उपयोगी पडले. पिवळट लायकेनमधले उस्निक आम्ल निळ्या टोकाचा प्रकाश शोषते, राखाडी खडी तसे करत नाही.

ढगांमुळे एका वर्षात तिन्ही खिडक्या भरत नाहीत, म्हणून अनेक वर्षांची दृश्ये एकत्र करावी लागली. वणव्याच्या धुराचे दिवस हाताने बाहेर काढले. पातळ धूर ढग गाळणाऱ्या मास्कमधून निसटतो आणि निळ्या बँडचे परावर्तन वाढवतो, म्हणजे आपल्याला जिथे फरक बघायचा तिथेच घाण करतो.

जमिनीवरचे काम

प्रत्येक प्लॉट १०० × १०० मीटरचा. ड्रोन ६० मीटर उंचीवरून, पुढे-मागे ८० टक्के आणि बाजूंना ७५ टक्के चित्रे एकमेकांवर येतील असा उडवायचा. साधारण मापाच्या कॅमेऱ्याने या उंचीवरून सुमारे दीड सेंटिमीटरचा पिक्सेल मिळतो आणि त्यात लायकेनचे झुपके स्पष्ट ओळखू येतात. प्लॉटच्या कोपऱ्यांवर खुणेचे पट्टे टाकून त्यांची जागा अचूक जीपीएसने घेतली. हाताळ्या जीपीएसची ३ ते ५ मीटरची चूक २० मीटरच्या पिक्सेलला जड जाते.

प्लॉट एवढा मोठा कशासाठी? १०० मीटरच्या चौकोनात २० मीटरचे २५ पिक्सेल बसतात असे वाटते, पण उपग्रहाची जाळी आपल्या चौकोनाशी जुळत नाही. दोन्ही बाजूंना सरकलेली असली तर पूर्ण पिक्सेल उरतात १६, आणि चौकोन तिरका असला तर त्याहून कमी. ५० मीटरचा प्लॉट घेतला तर पूर्ण पिक्सेल फार तर चार हाती लागतात. हेलिकॉप्टरचा तास त्या भावात परवडत नाही.

प्रत्येक प्लॉटमध्ये माणसाने चालत जाऊन आच्छादन आणि लायकेनची उंची पट्टीने मोजली. ड्रोनला वरून विस्तार दिसतो, जाडी दिसत नाही. दोन सेंटिमीटरची विरळ चादर आणि आठ सेंटिमीटरची गादी वरून सारखीच दिसतात, कॅरिबूंच्या लेखी मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक जण अस्वलांवर लक्ष ठेवायला मोकळा ठेवावा लागतो. त्यामुळे तिघांचे पथक लागते, दोघांचे नाही.

पाऊस पडून गेल्यावर ड्रोन उडवायचा नाही, हा नियम सुरुवातीला कागदावर नव्हता. लायकेनला मुळे नसतात. ते हवेतून आणि पावसातून पाणी शोषते, आणि भिजले की काही मिनिटांत त्याचा रंग गडद, हिरवट होतो. पहिल्या काही प्लॉटांची चित्रे रिमझिमीनंतर लगेच घेतली गेली. ड्रोनच्या वर्गीकरणाने त्यातले बरेच लायकेन मॉसमध्ये जमा केले. ते प्लॉट पुन्हा उडवावे लागले. त्यानंतर चादर हाताने चुरगाळून बघण्याची सवय लागली : कुरकुरीत लागली तर उडवा, मऊ लागली तर थांबा.

प्लॉट कुठे घ्यायचे हाही निर्णयाचा मुद्दा होता. इंधनाची पिंपे ठेवलेल्या जागांच्या जवळ काम स्वस्त पडते, पण ती ठिकाणे नदीकाठी असतात आणि लायकेन असते माथ्याकडे. पहिल्या फेरीत खर्च वाचवला आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

घोटाळे आणि ते कसे सापडले

पहिल्या एकत्रित नकाशात लायकेनचे लांबच लांब सरळ पट्टे दिसले, उपग्रहाच्या कक्षेला समांतर. निसर्ग इतक्या सरळ रेघा मारत नाही. कारण निघाले सेंटिनेल-२ च्या आकड्यांत. २५ जानेवारी २०२२ पासून प्रोसेसिंग बेसलाइन ०४.०० (दृश्यांवर प्रक्रिया करण्याची नवी आवृत्ती) लागू झाली आणि परावर्तनाच्या साठवलेल्या आकड्यात १,००० मिळवले जाऊ लागले. तो आकडा १०,००० ने भागण्याआधी १,००० वजा करावे लागतात. नाही केले तर प्रत्येक बँडमध्ये परावर्तन ०.१ ने जास्त येते. लाल ०.०५ आणि निअर इन्फ्रारेड ०.३० असेल तर एनडीव्हीआय ०.७१ येतो. दोन्हींत ०.१ मिळवा, तो ०.४५ वर उतरतो. झुडपाळ उतार बसल्या जागी लायकेनचा झाला. केवळ दृश्याच्या तारखेवरून वजाबाकी ठरवणेही पुरेसे नाही, कारण जुनी दृश्येही पुढे नव्या बेसलाइनने पुन्हा तयार करण्यात आली. प्रत्येक फाइलसोबतच्या माहितीतली बेसलाइन आणि मिळवलेला आकडा वाचूनच हिशेब करावा लागतो. लँडसॅटच्या कलेक्शन २ मध्येही असाच हिशेब आहे : साठवलेला आकडा गुणिले ०.००००२७५, वजा ०.२.

दुसरा घोटाळा जास्त फसवा होता, कारण त्याने निकाल चांगला दाखवला. मॉडेल होते रँडम फॉरेस्ट, म्हणजे अनेक निर्णय-झाडांची उत्तरे एकत्र करणारे. सगळ्या प्लॉटांचे पिक्सेल एकत्र करून, त्यांतले काही शिकवायला आणि काही तपासायला असे चिठ्ठ्या टाकून वाटले होते. पण एकाच प्लॉटमधले शेजारी पिक्सेल जवळजवळ जुळे असतात. मॉडेलला उत्तरपत्रिका आधीच दाखवल्यासारखे झाले. वाटणी प्लॉटनिहाय केली, म्हणजे आख्खा प्लॉट एकतर शिकवायला किंवा आख्खा तपासायला, तेव्हा अचूकता बरीच खाली आली. ती खाली आलेली अचूकताच खरी. हा फरक बैठकीत मांडायला संकोच वाटला, पण मांडला. आग-व्यवस्थापकांनी तो सहज स्वीकारला. ज्यांना रोज वाऱ्याचा अंदाज घेऊन निर्णय करावे लागतात त्यांना अनिश्चिततेचे नवल नसते.

तिसरी गोष्ट चूक म्हणता येणार नाही, तो पद्धतीचा स्वभाव आहे. रँडम फॉरेस्ट अनेक झाडांच्या उत्तरांची सरासरी काढते, त्यामुळे टोके मधे ओढली जातात. जिथे लायकेन दोन टक्के तिथे ते आठ सांगते, आणि जिथे साठ तिथे पस्तीस. सर्वसाधारण नकाशाला हे चालून जाते. इथे मात्र निर्णय नेमका वरच्या टोकाचा होता, सर्वांत समृद्ध कुरणे कोणती हाच प्रश्न होता, आणि मॉडेल तीच कुरणे सपाट करत होते. शिवाय पहिल्या फेरीतले प्लॉट नदीकाठी झुकलेले असल्यामुळे दाट लायकेनची उदाहरणेच कमी होती.

दोन उपाय केले. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या नकाशावरून कमी, मध्यम आणि जास्त असे स्तर पाडून दाट स्तरात मुद्दाम जास्त प्लॉट घेतले. आणि टक्केवारीच्या जोडीला दुसरे मॉडेल चालवले, ज्याला एवढेच विचारले : इथे ३० टक्क्यांहून जास्त लायकेन असण्याची शक्यता किती? निर्णयासाठी हाच थर वापरला गेला. टक्केवारीचा नकाशा दिसायला सुंदर होता, तो अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला.

चौथा घोटाळा प्रत्यक्ष उतरल्यावरच कळला. एका लांब कड्यावर नकाशा भरघोस लायकेन दाखवत होता. हेलिकॉप्टर उतरले तर तिथे शिळांचा सडा, आणि शिळांवर रंगासारखे चिकटलेले कवच-लायकेन. लायकेन होते हे खरे, पण दगडाला घट्ट चिकटलेले, कॅरिबूंच्या काहीच कामाचे नाही. उताराच्या नकाशावरून आणि आर्क्टिकडीईएमच्या २ मीटरच्या उंची-मॉडेलमधल्या खडबडीतपणावरून अशा शिळाळ जागा वेगळ्या करणारा एक मास्क बनवावा लागला. तो अजूनही पूर्ण समाधानकारक नाही.

निकाल

अंतिम तपासणीसाठी नकाशाच्या स्तरांतून यादृच्छिक बिंदू काढले आणि ते शक्य तितके जमिनीवर उतरून पाहिले. घिरट्या घालत वरून पाहिले की पांढुरके डाग डोळ्यात भरतात आणि माणूस लायकेन जास्त लिहितो.

क्षेत्रफळ सांगताना पिक्सेल मोजून थेट आकडा दिला नाही. का, ते एका कल्पित हिशेबावरून कळेल. समजा ५,००० चौरस किलोमीटरपैकी १,००० वर नकाशा ‘दाट’ म्हणतो. दाट भागातल्या १०० बिंदूंपैकी ७० खरे निघाले, आणि उरलेल्या ४,००० मधल्या १०० बिंदूंपैकी ५ ठिकाणी दाट लायकेन सापडले. खरे दाट क्षेत्र होते १,००० × ०.७ अधिक ४,००० × ०.०५, म्हणजे ९०० चौरस किलोमीटर. १,००० आणि ९०० मध्ये फार अंतर नाही, पण त्या ९०० पैकी २०० नकाशाच्या दाट रंगाबाहेर आहेत. रंगाबाहेरचे सगळे जळू द्यायचे असे कुणी ठरवले तर हे २०० जातात. या एका हिशेबाने बैठकीचा रोख बदलला.

सगळे हिवाळी क्षेत्र वरच्या गटात नेण्याचा मूळ प्रस्ताव मागे घेतला. त्याऐवजी असे थोडे ब्लॉक निवडले जिथे दाट लायकेनची शक्यता जास्त, नोंदीत जुनी आग नाही, पट्ट्यांचे बिंदू वेगवेगळ्या हिवाळ्यांत आलेले, आणि निदान दोन बाजूंना नदी किंवा उघडा खडक. ते लिमिटेडमधून मॉडिफाइडमध्ये गेले. फुलमध्ये एकही नेला नाही. एक ब्लॉक नकाशात पहिल्या क्रमांकाचा होता तरी सोडला, कारण त्याच्या कडेला आग अडवायला काहीच नव्हते आणि आग-व्यवस्थापकांनी तिथे पथक उतरवायला साफ नकार दिला. नकाशा करणाऱ्यांना ते रुचले नाही, पण बरोबर व्यवस्थापकच होते.

जुन्या जळितांतली न जळलेली बेटे हा निकालाचा अनपेक्षित भाग ठरला. ती वेगळा थर म्हणून दिली आहेत. शेजारी नवी आग आली तर आधी तिकडे बघावे, एवढ्यासाठी.

वेगळे काय करता आले असते

इन्युपियाक या स्थानिक आदिवासी समाजाच्या गावांतल्या शिकाऱ्यांना आणि रेनडिअर पाळलेल्या कुटुंबांना दुसऱ्या वर्षी विचारले गेले, तेही नकाशाचा मसुदा दाखवून. ते आधी व्हायला हवे होते. त्या भागात रेनडिअर १८९२ पासून आहेत आणि लायकेन कुठे चरून संपले, कुठे परत आले याची माहिती घराघरांत आहे. कोणत्या माथ्यावरून वारा बर्फ उडवून नेतो आणि कुठे तो घट्ट साचतो हे त्यांनी बोटाने दाखवले. पहिल्या उन्हाळ्याचे प्लॉट या माहितीवर निवडले असते तर नदीकाठची गर्दी टळली असती आणि दुसऱ्या फेरीतली बरीच उड्डाणे वाचली असती.

चाचणीचे प्लॉट प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी वेगळे काढून कुलूपबंद ठेवायला हवे होते. नंतर वाटणी बदलणे सोपे असते, पण तोवर मॉडेलच्या जडणघडणीत त्या प्लॉटांचा हात लागलेला असतो.

लायकेनची उंची मोजली, पण नकाशात आणता आली नाही. आच्छादन आणि उंची यांचा गुणाकार चाऱ्याच्या वजनाच्या जवळ जातो, आणि खरे तर तोच आकडा हवा होता. प्लॉटमध्ये छोट्या चौकटींतले लायकेन कापून, वाळवून, तोलले असते तर निदान स्थानिक समीकरण बांधता आले असते. त्याला उन्हाळ्यात दोन माणसे जास्त लागली असती.

आणि हिवाळ्यातला पाऊस. बर्फावर पाऊस पडून तो पुन्हा गोठला की खाली कितीही दाट लायकेन असो, वर काचेसारखी कडक साय धरते आणि कॅरिबूंच्या खुरांना ती फुटत नाही. अशा हिवाळ्यात कळप नकाशातले उत्तम ब्लॉक सोडून दुसरीकडे जातात आणि पट्ट्यांचे बिंदू गोंधळात टाकतात. दोन ब्लॉकांबद्दल वन्यजीवतज्ज्ञ आणि नकाशाकार यांच्यात जो मतभेद शेवटपर्यंत राहिला तो याचमुळे. एकाच्या मते तिथे चारा होता, दुसऱ्याच्या मते तिथे जनावर फिरकत नव्हते, आणि दोघांचे आकडे बरोबर होते. बर्फाच्या कडकपणाचा थर या नकाशात नाही. ते दोन ब्लॉक पुढच्या फेरीपर्यंत लिमिटेडमध्येच ठेवले आहेत.